गणपतीची केळी आणि आलेखावरील सरळ रेषा

तंजावरच्या बृहदीश्वर मंदिरात पाऊल ठेवताच प्रवाशाची दृष्टी प्रथम जाते ती गर्भगृहावरील सुमारे दोनशे फूट उंचीच्या विमानाकडे. मराठी माणसाला तेथे आणखी एक ओढ असते. व्यंकोजीराजांनी सतराव्या शतकात स्थापन केलेले भोसल्यांचे राज्य १८५५ पर्यंत येथे नांदले आणि दुसऱ्या सरफोजीराजांनी १८०३ मध्ये आपल्या घराण्याचा इतिहास याच मंदिराच्या भिंतीवर मराठीत कोरविला. तो विस्तृत शिलालेख पाहिल्यावाचून महाराष्ट्रातील प्रवासी सहसा परतत नाही. परंतु ज्याचा बँकेशी, ठेवीशी आणि व्याजाशी संबंध आहे, त्याने त्याहून आठशे वर्षे जुन्या तमिळ लेखांपाशीही क्षणभर थांबावे. राजराज चोळ याच्या कारकिर्दीत, इ.स. १०१० च्या सुमारास मंदिर उभे राहिले आणि त्याच्या भिंतींवर देणग्या, ठेवी व त्यांवरील व्याज यांचा तपशील कोरला गेला. ठेवींची खतावणी म्हणावी असे हे लेख आहेत. फरक इतकाच, की ती दगडावर लिहिली आहे.

त्यांतील एक नोंद गणपतीच्या नैवेद्याची आहे. हुल्ट्श या जर्मन पंडिताने संपादित केलेल्या दक्षिण भारतीय शिलालेखांच्या दुसऱ्या खंडात ती वाचावयास मिळते. मंदिरातील गणपतीला दररोज १५० केळी अर्पण करावयाची होती. वर्ष ३६० दिवसांचे धरले असता वर्षाला ५४,००० केळी झाली. एका कासूला (कासू हे त्या काळचे नाणे) १,२०० केळी मिळत, म्हणून वर्षाचा खर्च ४५ कासू. व्याजाचा दर प्रत्येक कासूवर वर्षाला एक अष्टमांश कासू, म्हणजे आजच्या भाषेत द.सा.द.शे. साडेबारा. तेव्हा ४५ कासू व्याज मिळण्यासाठी ३६० कासू मुद्दल हवे. तेवढी रक्कम तंजावरच्या बाजारपेठांतील व्यापाऱ्यांकडे ठेवण्यात आली आणि त्यांनी चंद्रसूर्य असेपर्यंत केळी पुरवावीत असे ठरले.

अष्टमांशाला तमिळमध्ये ‘अरैक्काल्’ म्हणतात. त्याचा शब्दशः अर्थ अर्धा पाव. आपल्याकडे किराणा दुकानांत पूर्वी अदपाव किंवा नवटाक हे माप चाले, ते शेराच्या याच भागाचे. गृहिणींच्या जुन्या पिढीला हा अपूर्णांक तोंडपाठ होता.

या नोंदीत तीन राशींची तीन नाती एकापुढे एक जोडली आहेत. दिवस आणि केळी, केळी आणि कासू, मुद्दल आणि व्याज. तिन्ही नाती एकाच जातीची आहेत: एक राशी दुप्पट झाली की दुसरी दुप्पट होते, तिप्पट झाली की तिप्पट, निम्मी झाली की निम्मी. माध्यमिक शाळेच्या उंबरठ्यावर असलेल्या मुलामुलींना हेच नाते ‘समचलन’ या नावाने शिकविले जाते. महाराष्ट्राच्या आठवीच्या गणितात या प्रकरणाचे नावच ‘चलन’ असे आहे. बँकेतील मंडळींना तो शब्द ऐकताच नोटा किंवा रोखपालाच्या खिडकीतील कागद आठवावा हे स्वाभाविक आहे, पण येथे त्याचा अर्थ बदल, कमीअधिक होणे, एवढाच.

मुले हे गणित तोंडी चटकन करतात. आलेखकागद पुढे आला की मात्र अडखळतात, आणि पुष्कळदा घरातील मोठी माणसेही त्यांच्याबरोबर अडखळतात. म्हणून तंजावरचीच नोंद आलेखावर मांडून पाहू.

आडव्या अक्षावर मुद्दल घ्यावे आणि उभ्या अक्षावर एका वर्षाचे व्याज. ४० कासूंना ५ कासू व्याज, ८० ना १०, १६० ना २०, ३६० ना ४५. यांतील प्रत्येक जोडी म्हणजे कागदावरील एक बिंदू. आडव्या अक्षावर ४० पर्यंत जावे, तेथून सरळ वर ५ पर्यंत चढावे आणि तेथे खूण करावी. चारही खुणा झाल्या की पट्टी लावून पाहावी. त्या एका सरळ रेषेत येतात. आता रेषा डावीकडे खाली वाढवीत न्यावी. ती दोन्ही अक्ष जेथे मिळतात त्या आरंभबिंदूतून जाते, कारण मुद्दल शून्य असेल तर व्याजही शून्य.

सरळ रेषा आणि आरंभबिंदू ही समचलनाच्या आलेखाची दोन लक्षणे आहेत. मुले पहिले लक्षात ठेवतात आणि दुसरे विसरतात. पुढील बहुतेक चुका तेथूनच जन्म घेतात.

एकदा रेषा आखली की ती दोन्ही बाजूंनी वाचता येते. २०० कासूंवर किती व्याज? आडव्या अक्षावरील २०० पासून वर जावे, रेषा भेटली की डावीकडे वळावे: २५. उलट, वर्षाला ३० कासू हवे असतील तर किती ठेव लागेल? उभ्या अक्षावरील ३० पासून उजवीकडे जावे, रेषा भेटली की खाली उतरावे: २४०. मंदिराच्या कारभाऱ्यांपुढे होता तो हा दुसरा, उलटा प्रश्न. केळी किती हवीत हे आधी ठरले आणि मुद्दल त्यावरून काढले गेले. निवृत्तीनंतर महिन्याला अमुक रक्कम हवी, तर आज किती ठेवावे, असे विचारणारा ग्राहक नेमके तेच विचारीत असतो. एन.सी.ई.आर.टी.च्या आठवीच्या २००८ च्या पुस्तकातही आलेखाच्या प्रकरणात ज्येष्ठ नागरिकांच्या ठेवीचे उदाहरण होते. दर १० टक्के सरळव्याज, २५० रुपयांवर व्याज किती आणि ७० रुपये व्याजासाठी ठेव किती, असे दोन्ही दिशांचे प्रश्न त्यात होते.

येथे कोणी म्हणेल की यासाठी आलेख कशाला, त्रैराशिक पुरे आहे. खरे आहे. आर्यभटाने इ.स. ४९९ मध्ये आणि भास्कराचार्यांनी ११५० मध्ये ‘लीलावती’त त्रैराशिकाची रीत सांगितली आहे. प्रमाण, फल आणि इच्छा या तीन राशींवरून चौथी, इच्छाफल, काढावयाची. जुन्या पेढ्यांचे व्यवहार याच रीतीवर चालत. परंतु त्रैराशिक एका वेळी एकच उत्तर देते आणि दिलेल्या दोन राशींमध्ये खरोखर समचलन आहे की नाही, हे ते विचारीत नाही. कोणतेही तीन आकडे घातले की ते निमूटपणे चौथा काढून देते. रेषा मात्र सरळ आली नाही, किंवा आरंभबिंदूतून गेली नाही, की ते डोळ्यांना दिसते. आलेखाचा खरा उपयोग हा आहे.

रेषेला चढ असतो. आडव्या अक्षावर एक घर पुढे गेल्यावर रेषा किती वर चढते, तो आकडा म्हणजे चलनाचा स्थिरांक. वरील रेषेवर तो एक अष्टमांश आहे. ग्राहकाच्या भाषेत तो व्याजाचा दर. दर बदलला की रेषा आरंभबिंदूला खिळलेली राहते आणि दाराप्रमाणे फिरते. समजा, एका बँकेत सर्वसाधारण ठेवीवर ६ टक्के आणि ज्येष्ठ नागरिकांना साडेसहा टक्के दर आहे. दोन्ही रेषा एकाच बिंदूतून निघतात आणि पुढे फाकत जातात. १ लाखावर फरक ५०० रुपयांचा, १० लाखांवर ५,००० चा. दोन रेषांमधील हे अंतरही मुद्दलाच्या प्रमाणातच वाढते.

मंदिराच्या आवारातच याचे एक उघडे उदाहरण आहे. विमानाची सावली जमिनीवर पडत नाही, अशी दंतकथा मार्गदर्शक मोठ्या उत्साहाने सांगतात. सावली अर्थातच पडते. विमान खालून वर निमुळते होत गेले आहे आणि तंजावर विषुववृत्तापासून फारसे दूर नसल्यामुळे दुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर येतो. तेव्हा सावली बव्हंशी इमारतीवरच सामावते, इतकेच. सकाळी आवारात काठ्या उभ्या केल्या तर एकाच क्षणी ३ फुटी, ६ फुटी आणि १२ फुटी काठ्यांच्या सावल्या त्यांच्या उंचीच्या प्रमाणातच असतात. उंची आणि सावली यांचा आलेख काढला तर आरंभबिंदूतून जाणारी सरळ रेषा मिळते. तासाभराने पुन्हा मोजावे. रेषा सरळच असते, आरंभबिंदूतूनच जाते, पण चढ उतरलेला असतो. एप्रिल आणि ऑगस्ट महिन्यांत तंजावरला सूर्य मध्यान्ही अगदी माथ्यावर येण्याचे दिवस येतात. त्या क्षणी ही रेषा आडव्या अक्षावर जाऊन निजते.

चढ डोळ्यांनी मोजू नये, आकड्यांनी मोजावा, हेही मुलांना लवकर सांगितलेले बरे. उभ्या अक्षावर एका घराला ५ कासू घेतले तर रेषा बसकी दिसते, १ कासू घेतला तर तीच रेषा छाती काढून उभी राहते. दर तोच. वृत्तपत्रांत आणि जाहिरातींत कधी कधी उभा अक्ष शून्यापासून सुरूच केलेला नसतो. अशा चित्रात आरंभबिंदू कागदाबाहेर राहतो आणि दोन टक्क्यांची वाढही गगनाला भिडल्यासारखी भासते. असा आलेख पुढे आला की प्रथम अक्षांवरील आकडे वाचावेत.

आता समचलन भासणारे, पण नसणारे व्यवहार पाहू, कारण ग्राहकाचा पैसा खरोखर तेथे गुंतलेला असतो.

पहिला व्यवहार तंजावरच्याच मुद्दलाचा घेऊ. ३६० कासूंवर दरवर्षी ४५ कासू सरळव्याज. वर्षे आणि एकूण व्याज यांचा आलेख आरंभबिंदूतून जातो: एका वर्षात ४५, चार वर्षांत १८०, आठ वर्षांत ३६०. पण वर्षे आणि रास, म्हणजे मुद्दल अधिक व्याज, यांचा आलेख काढला तर? रेषा सरळच येते, मात्र ती उभ्या अक्षावरील ३६० पासून निघते. चार वर्षांनी ५४०, आठ वर्षांनी ७२०. वर्षे दुप्पट झाली, रास दुप्पट झाली नाही. येथे त्रैराशिक लावणारा फसतो. किमान भाड्याचे रिक्षाचे मीटर याच जातीचे, आणि कर्जावरील प्रक्रिया शुल्क ठरावीक रकमेचे असेल तर तेही याच जातीचे. रेषा अक्षावर काही उंचीवरून सुरू होते आणि ती सुरुवातीची उंची छोट्या व्यवहाराला अधिक जड जाते.

दुसरा व्यवहार चक्रवाढीचा. देवस्थानाने व्याज दरवर्षी केळ्यांवर खर्च केले, म्हणून मुद्दल होते तेवढेच राहिले. तेच व्याज दरवर्षी मुद्दलात मिळविले असते तर पहिल्या वर्षअखेर ४०५, दुसऱ्या वर्षअखेर सुमारे ४५५.६, चौथ्याला सुमारे ५७७ आणि आठव्याला सुमारे ९२४ कासू झाले असते. या बिंदूंना पट्टी लावून पाहावी, लागत नाही. आलेख हळूहळू वर वळतो. आरंभीची दोन वर्षे तर सरळव्याजाची रेषा आणि हा वक्र यांत फरक डोळ्यांना जेमतेम दिसतो. मुदत ठेवीचे व्याज दरमहा घ्यावे की पुनर्गुंतवणूक करावी, हा प्रश्न मुदत लहान असताना क्षुल्लक वाटतो आणि मुदत मोठी असताना वाटत नाही, याचे कारण या वक्रात आहे. ज्याला दरमहा घरखर्चासाठी व्याज हवे, त्याने अर्थातच गणपतीच्या ठेवीचाच मार्ग धरावा. वक्र आकर्षक असला तरी त्याची केळी खाता येत नाहीत.

तिसरा व्यवहार कर्जाच्या मासिक हप्त्याचा, आणि येथे गैरसमज सर्वांत महागात पडतो. दर आणि मुदत कायम असेल तर कर्जाची रक्कम व हप्ता यांत खरोखर समचलन आहे. दर ९ टक्के आणि मुदत १० वर्षे असता १ लाखाचा हप्ता सुमारे १,२६७ रुपये, ५ लाखांचा सुमारे ६,३३४, २० लाखांचा सुमारे २५,३३५. म्हणूनच शाखेतील अधिकारी ‘लाखाला इतके’ असा एकच आकडा सांगतो आणि त्याला गुणून उत्तर देतो. चलनाचा स्थिरांक तो हाच.

पण मुदत आणि हप्ता यांचे काय? मुदत दुप्पट केली की हप्ता निम्मा होईल, ही समजूत सुशिक्षित ग्राहकांतही आढळते. हे व्यस्तचलन असते तर १० वर्षांचा १,२६७ रुपयांचा हप्ता २० वर्षांना ६३३ वर आला असता. प्रत्यक्षात तो सुमारे ९०० येतो. ३० वर्षांना सुमारे ८०५. कारण सोपे आहे. १ लाखावर ९ टक्के दराने पहिल्या महिन्याचे व्याजच ७५० रुपये होते. ६३३ रुपयांच्या हप्त्यात ते व्याजसुद्धा फिटणार नाही, मुद्दल फिटणे दूरच. म्हणून मुदत कितीही ताणली तरी हप्त्याचा आलेख ७५० च्या वर राहतो आणि त्या पातळीकडे सरकत सपाट होत जातो. दुसरीकडे एकूण परतफेड मात्र वाढत असते. १० वर्षांत लाखाचे सुमारे १ लाख ५२ हजार भरावे लागतात, २० वर्षांत सुमारे २ लाख १६ हजार. हप्ता ३६७ रुपयांनी कमी करून घेण्याची ही किंमत लाखामागे जवळपास ६४ हजार रुपये आहे. ज्याच्या मासिक उत्पन्नात मोठा हप्ता बसतच नाही, त्याला ती मोजावी लागेल. बसत असेल, त्याने आलेखाचा हा सपाट भाग पाहूनच मुदत ठरवावी.

या तिन्ही व्यवहारांचे बिंदू घरी आलेखकागदावर मांडता येतात. सातवी-आठवीतील मुलामुलींना सोबत घेऊन पासबुकातील किंवा कर्जाच्या परतफेडीच्या तक्त्यातील चार-पाच जोड्या त्यांच्याकडून काढून घ्याव्यात. पट्टी लागते का, आणि लागली तर रेषा कोठून निघते, एवढेच दोन प्रश्न विचारावेत. पाठ्यपुस्तकातील पेट्रोल आणि लिटर यांपेक्षा घरातील हप्ता मुलांना अधिक खरा वाटतो.

तंजावरच्या नोंदीत आणखी एक गंमत दडलेली आहे, ती आलेखावर लगेच ध्यानात येते. रोजच्या १५० केळ्यांची किंमत, कासूला १,२०० या भावाने, बरोबर एक अष्टमांश कासू होते. आणि एका कासूचे वर्षाचे व्याजही एक अष्टमांश कासूच. म्हणजे ठेवीतील प्रत्येक कासू वर्षातील एका दिवसाचा नैवेद्य पुरवितो. आडव्या अक्षावर ठेवीचे कासू आणि उभ्या अक्षावर नैवेद्याचे दिवस घेतले, दोन्हीकडे एकच माप ठेवले, तर रेषा कागदाला कोनाकोनाने दुभागत जाते. ३६० कासू, ३६० दिवस. वर्ष ३६५ दिवसांचे धरले असते तर हिशेब न करताच सांगता आले असते की ठेव ३६५ कासूंची हवी होती.

या सुंदर रेषेचा आधार मात्र केळ्यांचा भाव आहे, आणि तो दगडात कोरल्याने स्थिर राहत नाही. समजा, पुढे कधी कासूला १,२०० ऐवजी १,००० केळी मिळू लागली. व्याज ४५ कासूच. त्यात ४५,००० केळी येतील, म्हणजे रोजची १२५. उरलेली २५ केळी कोणी आणावयाची? लेखातील करार केळी पुरविण्याचा असल्याने तो भार व्यापाऱ्यांवर पडतो. देवस्थानाला ती काळजी नाही. आजच्या ठेवीदाराची स्थिती नेमकी उलटी आहे. बँक ठरलेले रुपये देण्यास बांधलेली असते, ठरलेली केळी देण्यास नव्हे. भाववाढीचा भार ठेवीदाराने स्वतः वाहावयाचा असतो. व्याजाची रेषा जागच्या जागी राहते आणि खर्चाची रेषा आरंभबिंदूभोवती फिरून अधिक उभी होते. कासूला १,००० या भावाने वर्षाच्या ५४,००० केळ्यांना ५४ कासू लागतील आणि तेवढ्या व्याजासाठी ४३२ कासू ठेवावे लागतील. ठेव ३६० वर थांबली असेल, तर ७२ कासूंची तूट आहे.